दहा ग्रॅम मातीची कसोटी

फवारणी होते पिकावर, पण बरेचसे औषध मातीत पडते. त्यातले किती माती धरून ठेवेल आणि किती पावसाबरोबर विहिरीकडे निघेल, याचा अंदाज प्रयोगशाळा दहा-वीस ग्रॅम मातीवरून बांधते.

वाळवलेली माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळायची, नळीत घ्यायची आणि औषध मिसळलेले कॅल्शियम क्लोराइडचे अगदी सौम्य द्रावण तिच्यावर ओतायचे. नळ्या शेकरवर तासन्‌तास हलतात. अनेक रसायने दिवसभरात स्थिरावतात. मग सेंट्रिफ्यूजमध्ये माती तळाशी घट्ट बसते आणि वरच्या नितळ पाण्यात उरलेले औषध मोजले जाते. जे घटले ते मातीला चिकटले. शेजारी बिनमातीची एक नळीही हलत असते, कारण काही रसायने नळीलाच चिकटतात. जगभर मोजणी सारखी व्हावी म्हणून ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेची 106 क्रमांकाची मार्गदर्शिका आहे. ती 2000 मध्ये सुधारली गेली.

समजा, 10 ग्रॅम माती, 50 मिलिलिटर द्रावण आणि लिटरमागे 1 मिलिग्रॅम औषध घेतले. शेवटी पाण्यात निम्मे उरले. म्हणजे मातीने किलोमागे 2.5 मिलिग्रॅम धरले. त्याला पाण्यात लिटरमागे उरलेल्या 0.5 मिलिग्रॅमने भागले की उत्तर 5. हाच त्या मातीचा ‘केडी’.

पण दुसऱ्या शेतातली माती घेतली की आकडा बदलतो. बरीच औषधे सेंद्रिय कर्बाला चिकटतात, म्हणून केडीला कर्बाच्या प्रमाणाने भागून ‘केओसी’ काढतात. कर्ब एक टक्का असेल, तर वरच्या 5 चे 500 होतात. आता औषधांची तुलना जमते. अॅट्राझिनचा केओसी शंभराच्या आसपास, डीडीटीचा लाखांत. आकडा जितका लहान, तितके औषध पाण्याबरोबर निघून जाण्याची शक्यता जास्त. जर्मनीने 1991 मध्ये अॅट्राझिनवर बंदी घातली. तरी पुढे कित्येक वर्षे ते तिथल्या भूजलात सापडत राहिले.

काही औषधांना मात्र हे माप लागू पडत नाही. ग्लायफोसेट लोह-अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांना धरते. धनभारित पॅराक्वाट चिकणमातीच्या थरांत शिरून बसते. विदर्भ-मराठवाड्याची काळी माती दिसायला कसदार, पण तिच्यात सेंद्रिय कर्ब बहुधा एक टक्क्याच्या आतच. स्मेक्टाइट ही चिकणमाती मात्र भरपूर. अशा मातीत पॅराक्वाटची पकड नुसत्या कर्बावरून ताडली, तर अंदाज साफ चुकतो.

चिकटलेले औषध पुन्हा सुटूही शकते, म्हणून कसोटी इथे थांबत नाही. वरचे पाणी काढून त्याच मातीवर औषध नसलेले ताजे द्रावण ओततात आणि नळ्या पुन्हा शेकरवर चढवतात. आता पाहायचे असते, चिकटलेल्यापैकी किती सुटते.