रिमोट बदलण्याआधी सेल तपासा

मुंबईतल्या वाकोल्यात गाडीचा रिमोट अचानक चालेनासा झाला, तर संशय घ्यायला दोन जागा हाताशी असतात. एक शेजारचा विमानतळ, दुसरी खुद्द रिमोटमधली चिप. चिपवर संशय गेला की नव्या चावीचे काही हजार रुपये मोजायची तयारी सुरू होते. पण रिमोटमध्ये झिजणाऱ्या गोष्टी मोजक्याच असतात: नाण्याएवढा सेल, त्याला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्या आणि बोटाखाली रोज दबणारी बटणं. चिपमध्ये हलणारा एकही भाग नाही. म्हणून तपासणी झिजणाऱ्या भागांपासून सुरू व्हायला हवी. त्याही आधी घरातली दुसरी चावी वापरून पाहावी. तीही चालली नाही, तर दोष बहुधा रिमोटमध्ये नसून गाडीत असतो, आणि अनेकदा तो गाडीची 12 व्होल्टची बॅटरी उतरल्याचा असतो.

बहुतेक रिमोटमध्ये सीआर 2032 हा 20 मिलिमीटर व्यासाचा, 3 व्होल्टचा लिथियम सेल असतो. ‘मीटरवर तीन व्होल्ट दिसतात, म्हणजे सेल चांगला आहे’ हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो, आणि नेमका तोच फसवा आहे. मीटर सेलमधून जवळजवळ काहीच प्रवाह ओढत नाही. बटण दाबल्यावर मात्र ट्रान्समीटरला क्षणभर कित्येक मिलिअँपिअर लागतात. हा सेल तर मिलिअँपिअरच्या अंशाएवढा प्रवाह वर्षानुवर्षं पुरवण्यासाठी बनवलेला असतो. तो जुना होतो तसा त्याचा अंतर्गत रोध वाढतो. मग ऐन गरजेच्या क्षणी व्होल्टेज कोसळतं आणि बोट उचलताच पुन्हा वर येतं. पूर्वी लांबून उघडणारी गाडी आता दाराशी गेल्यावरच उघडत असेल, तर मीटरच्या आकड्यापेक्षा त्या घटलेल्या अंतरावर विश्वास ठेवावा. निर्णय करायचा तर नवा, चांगल्या कंपनीचा सेल घालून पाहणं हीच खरी परीक्षा. तिचा खर्च चावीच्या किमतीपुढे नगण्य आहे.

नव्या सेलनंतरही रिमोट गप्प राहिला, तर पट्ट्यांकडे पाहावं. सांताक्रूझ वेधशाळेने 26 जुलै 2005च्या पावसात 24 तासांत 944 मिलिमीटरची नोंद केली होती. पण रिमोट बिघडायला तेवढा पूर लागत नाही. पावसाळ्यात इथल्या हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज जाते. त्यात खिशातल्या घामाचं मीठ मिसळलं की पट्ट्यांवर गंजाचा पातळ थर चढतो. हा थर डोळ्यांना जेमतेम दिसतो, पण वीज अडवायला पुरेसा असतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने पट्ट्या पुसाव्यात, पूर्ण वाळू द्याव्यात आणि सैल झाल्या असतील तर अलगद उचलाव्यात. सॅंडपेपर लावू नये, त्याने वरचा मुलामा निघतो.

आता विमानतळ. भारतात गाड्यांचे रिमोट साधारणपणे 433.92 मेगाहर्ट्झवर बोलतात. वैमानिकांचं संभाषण 118 ते 137 मेगाहर्ट्झमध्ये चालतं, धावपट्टीवर उतरणाऱ्या विमानाला उताराचा कोन दाखवणारा संदेश 329 ते 335 मध्ये येतो आणि हवाई वाहतुकीचे रडार 1000च्या पुढे असतात. यांपैकी एकही रिमोटच्या पट्ट्यात नाही. शिवाय दोष विमानतळाचा असता, तर तो आसपासच्या सगळ्या गाड्यांना एकदमच जाणवला असता. खरा अडथळा पुष्कळदा गाडीतच सापडतो. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्या चावीला 125 किलोहर्ट्झच्या आसपासच्या मंद संदेशाने जागं करतात, आणि मोबाइलचा चार्जर नेमका त्या भागात गोंगाट करू शकतो. चावी फोन-चार्जरला चिकटून ठेवली असेल, तर आधी ती दूर करावी.

सेल काढला तर रिमोट गाडीला विसरेल, ही भीतीही असते. दर वेळी बदलणाऱ्या संकेताचा मोजणी-आकडा वीज गेली तरी टिकणाऱ्या स्मृतीत असतो, त्यामुळे सहसा तसं होत नाही. गाडीपासून दूर असताना मुलांनी बटण पुष्कळदा दाबलं, तर मात्र हा आकडा पुढे निघून जातो. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या कीलॉक या जुन्या पद्धतीत 16 पावलांपर्यंतचा फरक गाडी लगेच स्वीकारते. त्यापुढे गेल्यास लागोपाठ दोनदा दाबावं लागतं. इतर पद्धतींची रीत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

चिपचा न्याय करणारी एक चाचणी सेलशिवायही होते. बटणाने सुरू होणाऱ्या अनेक गाड्यांत सेल संपलेली चावी स्टार्ट बटणाला टेकवली, तर गाडीच्या चुंबकीय क्षेत्रातून मिळालेल्या ऊर्जेवर आतली ओळख-चिप उत्तर देते. दार उघडायला चावीतच लपवलेलं धातूचं पातं असतं. अशी गाडी सुरू झाली, तर ओळख-चिप शाबूत आहे, आणि नवी चावी मागवण्याआधी सेल, पट्ट्या व बटणं तपासून घेण्याचा आग्रह गॅरेजमध्ये धरावा. काढलेला सेल लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका. गिळलेला सेल, संपलेला असला तरी, दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. असं झाल्याचा नुसता संशय आला, तरी थेट रुग्णालय गाठा.