लेझीम : पालखीपुढील आणि शाळेंतील

लेझीम हें नृत्य कीं व्यायाम, ह्या प्रश्नाचा निकाल मराठी शाळांनीं फार पूर्वींच व्यायामाच्या बाजूनें लावला. नृत्य म्हणून ती वेळापत्रकांत शिरूं लागली असती, तर पांढरपेशा पालकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असत्या. कवायतीच्या तासाला ती डंबेल्सच्या शेजारीं उभी राहिली, आणि कोणाचीच हरकत आली नाहीं. ह्या वेषांतरानें तिचें रक्षण झालें, हें खरें. परंतु त्यांत कांहीं हरवलेंही आहे.

तिचें मूळ धनुर्विद्येंत आहे. शब्द फारसी. सरावाच्या धनुष्याला दोरीऐवजीं लोखंडी सांखळी लावीत व ती ओढून तिरंदाजाचे दंड-खांदे तयार करीत. त्या साधनाचें हें नांव. आखाड्यांतील लेझीम चांगलीच जड असे. आज मुलांच्या हातीं असते ती सुमारें दीड फूट लांकडी दांड्याची, सांखळींत पत्र्याच्या चकत्या ओंवलेली, हलकी. 'चार आवाज', 'एक जगह', 'आगे फलांग', 'पीछे फलांग' हीं तिच्या प्रकारांचीं नांवें हिंदुस्थानी आहेत, त्यावरूनही तालमीशीं असलेलें नातें ओळखूं येतें.

वाकणें, बसणें, उडी घेणें ह्यांनीं शरीर घडतें, पण तेवढें काम बैठकाही करतात. लेझमीचा खरा शैक्षणिक गुण निराळा आहे : तिच्यांत चूक ऐकूं येते. चाळीस मुलांच्या रांगेंत एकाचा हात क्षणभर मागें राहिला, तर त्याच्या चकत्या एकट्याच वाजतात. शिक्षकाला रागें भरावें लागत नाहीं. मुलगा आपण होऊन शेजाऱ्याकडे कान देतो. दुसऱ्याचें ऐकून आपलें पाऊल टाकावयाचें, हा धडा पाठ्यपुस्तकांतून इतक्या सहज मिळत नाहीं.

देशी व्यायामाला प्रतिष्ठा मिळवून देण्यासाठीं महाराष्ट्रांत मोठे उद्योग झाले. अमरावतीचें श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालीं निघालें आणि १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळीं त्याच्या पथकानें भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. मुंबई सरकारनें १९३७ सालीं स्वामी कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखालीं शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यास समिति नेमली. पुढील वर्षीं कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी संस्था उभी राहिली. लेझीमही मोठ्या मैदानांवर गेली : १९८२ सालीं दिल्लीच्या आशियाई स्पर्धांत सांगली जिल्ह्याचें पथक ती खेळलें, आणि २६ जानेवारी २०१४ रोजीं सांगलीस सात हजारांहून अधिक जणांनीं ती एकत्र खेळून जागतिक विक्रम केला. विक्रमांची हौस असणाऱ्यांस तेवढें पुरे.

निरगुडसर हें गांव आंबेगांव तालुक्यांत, मंचरच्या पूर्वेस. ह्या बाजूच्या गांवांत उन्हाळ्यांत यात्रा भरतात, देवाची पालखी निघते, आणि पालखीपुढें लेझीम चालते. तेथें शिट्टी नाहीं, 'एक-दोन' मोजणें नाहीं. ढोल बोलतो आणि पाय उत्तर देतात. पोरें रांगेच्या शेपटाशीं उभीं राहतात, थोरल्यांचे पाय पाहतात, आणि दोन-चार यात्रांनीं पुढें सरकतात. शाळेंत तेंच काम पंधरा दिवसांत होतें. मात्र अंक पाठ होतात, ताल अंगांत भिनत नाहीं. त्यांतून पाहुण्यांच्या स्वागतासाठीं मुलांना दोन-दोन तास उन्हांत उभें करण्याची जी रीत पडली आहे, तिला शिक्षण म्हणणें कठीण आहे.

तरी शाळेच्या पदरीं एक मोठें पुण्य आहे. पालखीपुढील लेझीम बहुतांशीं पुरुषांची होती. ती मुलींच्या हातीं दिली शाळेनें. आज शाळांच्या पथकांत मुलीच कित्येकदां पुढें असतात, आणि त्या थोरल्या झाल्यावर गणेशोत्सवाच्या मिरवणुकींतही ताल धरतात.

बंगालमध्यें गुरुसदय दत्त ह्या सनदी अधिकाऱ्यानें १९३२ सालीं व्रतचारी चळवळ काढली व रायबेंशे ह्या लढाऊ लोकनृत्याला तरुणांच्या शिक्षणांत स्थान दिलें. त्यांनीं त्यास नृत्यच म्हटलें, त्याचें गाणें-वाजवणेंही सोडलें नाहीं. मराठी शाळेनें मात्र लेझीम घेतली आणि ढोलवाला बहुधा दाराबाहेर ठेवला.

दाराबाहेर राहिलेलें आणखीही आहे. जुन्नर तालुक्यांतील नारायणगांव म्हणजे तमाशाची पंढरी. चैत्राच्या सुमारास तेथें फडांच्या राहुट्या लागतात आणि गांवोगांवचे लोक यात्रेसाठीं सुपारी देण्यास जातात. विठाबाई भाऊ मांग नारायणगांवकर (१९३५–२००२) ह्यांच्या नांवानें राज्य सरकार तमाशा-कलावंतांस पुरस्कार देतें. परंतु त्याच कलावंतांचीं मुलें फडाबरोबर हिंडतात आणि त्यांची शाळा बुडते. स्नेहसंमेलनांत चित्रपटांतील लावणीवर टाळ्या पडतात. ती लावणी ज्या ढोलकीवर उभी आहे, त्या ढोलकीवाल्यास मात्र मुलांना चार मात्रा शिकवावयास कोणी बोलावीत नाहीं. फडांचे दौरे साधारणतः दसऱ्यापासून वैशाखापर्यंत असतात. पावसाळ्यांत हे वादक बहुधा घरीं, रिकाम्या हातांनीं बसलेले असतात. आणि पंधरा ऑगस्टच्या लेझमीचा सराव शाळाशाळांतून नेमका त्याच दिवसांत, शिट्टीवर, चालूं असतो.