सौर इन्व्हर्टरचा भूसंपर्क : केवळ गज रोवणे पुरेसे नाही

नागपूर शहराच्या पूर्व भागातील कळमना हे विदर्भातील शेतमालाच्या घाऊक व्यापाराचे एक प्रमुख केंद्र होय. संत्री, मिरची, धान्य, कांदे-बटाटे यांची उलाढाल येथील बाजार आवारात होते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास पोचला तरी ती थांबत नाही. या दिवसांत लोखंडी पत्र्याच्या कूलरवाचून दुकानात वा घरात बसणे कठीण असते. पाण्याने भिजलेला पत्रा, ओली फरशी आणि अनवाणी पाय असा योग जुळून आल्याने विजेच्या धक्क्याचे बळी विदर्भात उन्हाळ्यात पडत आले आहेत. हेच कूलर, दिवे आणि वजनकाटे आता छपरावरील सौर पॅनेल, बॅटरी व इन्व्हर्टर यांवरही चालविता येतात. वीज स्वतःची झाली म्हणून धोका मात्र टळत नाही. त्याचे स्वरूप तेवढे बदलते.

महावितरणच्या पुरवठ्यात न्यूट्रल तार रोहित्रापाशीच जमिनीशी जोडलेली असते. त्यामुळे फेज तार कूलरच्या पत्र्याला लागली, तर प्रवाहाला रोहित्राकडे परतण्याचा मार्ग उपलब्ध असतो आणि गळती ओळखणारे आर.सी.सी.बी. हे उपकरण पुरवठा तोडू शकते. महावितरणच्या जाळ्याशी न जोडलेल्या इन्व्हर्टरची स्थिती निराळी असते. त्याच्या दोन बहिर्गामी तारांपैकी एकीवर न्यूट्रल असे लिहिलेले असले, तरी मुद्दाम जोडल्यावाचून तिचा जमिनीशी काहीच संबंध नसतो. अशा तरंगत्या व्यवस्थेत फेज पत्र्याला लागली तरी परतीची वाट नसल्याने प्रवाह जवळजवळ वाहतच नाही. हे वरवर सुरक्षित वाटते, आणि एकाच दिव्याच्या छोट्या संचापुरते ते खरेही आहे. परंतु हा पहिला दोष मुका असतो. तो कोणालाही कळत नाही, कोणतेही उपकरण तो दाखवीत नाही. पुढे दुसऱ्या खोलीत न्यूट्रलचे आवरण झिजून ती ओल्या भिंतीला लागली, की कूलरला हात लावणाऱ्या माणसाच्या देहातून मंडल पूर्ण होते.

यावर उपाय म्हणून अंगणात एक गज रोवून कूलरची हिरवी तार त्याला जोडली, की काम झाले असा समज सर्वत्र आढळतो. वास्तविक न्यूट्रल जमिनीशी जोडलेली नसेल, तर या गजातून प्रवाह परत यावयाचा कोठे? न्यूट्रलसाठी वेगळा गज रोवला तरी हिशेब जमत नाही. प्रत्येक गजाचा रोध १० ओहम धरला, तर २३० व्होल्टला २० ओहमने भागून साडेअकरा अँपियर येतात. तेवढ्याने १६ अँपियरची एम.सी.बी. कधीच पडणार नाही आणि पत्रा मात्र जिवंत राहील.

म्हणून इन्व्हर्टरच्या वितरण फलकात, आर.सी.सी.बी.च्या आधी, न्यूट्रल आणि संरक्षक हिरवी तार धातूच्या तारेने प्रत्यक्ष जोडावी लागते. दोषाचा प्रवाह मग मातीतून न जाता तांब्यातून परततो. येथेही एक मेख आहे. ३ किलोव्होल्ट-अँपियरचा इन्व्हर्टर सुमारे १३ अँपियर देतो. दोष उद्भवला म्हणून तो रोहित्राप्रमाणे शेकडो अँपियर ओतू शकत नाही. एम.सी.बी. तत्काळ पडण्यास तिच्या क्षमतेच्या निदान तिप्पट-पाचपट प्रवाह लागतो. साहजिकच अशा ठिकाणी ३० मिलिअँपियरच्या आर.सी.सी.बी.ला पर्याय उरत नाही.

ही जोडणी एकाच ठिकाणी असावी. दोन ठिकाणी झाली तर नेहमीचा प्रवाहही हिरव्या तारेत वाटला जातो आणि आर.सी.सी.बी. कारण नसता पडू लागते. मग कंटाळून कोणीतरी ती काढून टाकतो. इन्व्हर्टर बॅटरी संपल्यावर महावितरणच्या विजेवर जात असेल, तर त्या वेळी न्यूट्रल रोहित्रापाशी आधीच जोडलेली असते. म्हणून घरातील जोडणी आपोआप सुटली पाहिजे. काही इन्व्हर्टरांत त्यासाठी रिले असतो. नसल्यास फेज व न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा द्विध्रुवी बदल-स्विच लागतो. रोहित्रविरहित स्वस्त इन्व्हर्टरांपैकी काहींत दोन्ही तारांवर जमिनीच्या संदर्भात निम्मा दाब असतो. तेथे न्यूट्रल जमिनीशी जोडल्यास यंत्रच जळते. निर्मात्याच्या पुस्तिकेत परवानगी असल्याखेरीज जोडणीला हात लावू नये, हे याच कारणाने.

सौर कृषिपंपांच्या मोटारींना न्यूट्रल नसते. तेथे मोटारीचा सांगाडा, नियंत्रक आणि पॅनेलची चौकट यांचा भूसंपर्क पाहिला म्हणजे पुरे.

गजाचे महत्त्व यामुळे संपत नाही. आकाशातील विजेसाठी व चौकटीसाठी तो हवाच. नागपूरकडील काळी माती ओली असताना विजेची उत्तम वाहक असते, पण उन्हाळ्यात ती भेगाळून गजापासून सुटते. भारतीय मानक ३०४३ नुसार नळीचा भूअग्र किमान अडीच मीटर लांबीचा असावा. त्याच्या खड्ड्यात एप्रिल-मे महिन्यांत पाणी घालीत राहणे इष्ट.

शाळा वा ग्रामपंचायतीचा संच ताब्यात घेताना, तो बॅटरीवर चालू असताना, परवानाधारक तारतंत्र्याकडून तीन दाब मोजून घ्यावेत. फेज व न्यूट्रल यांत २३०, फेज व भूतार यांत २३० आणि न्यूट्रल व भूतार यांत जवळजवळ शून्य व्होल्ट आले, तर जोडणी ठीक आहे. शेवटचे दोन आकडे निम्म्याच्या आसपास घुटमळत असतील, तर न्यूट्रल तरंगती आहे. आर.सी.सी.बी.वरील चाचणीचे बटन दाबून समाधान मानू नये. ते बटन फेज व न्यूट्रल यांच्यामध्येच आतल्या आत प्रवाह वाहविते. भूतार तुटलेली असली तरीही खटका पडतोच.