‘द लिव्हिंग डेलाइट्स’ पुन्हा पाहताना

जेम्स बॉन्डच्या चाहत्यांना विचारलं, की तुमचे आवडते पाच बॉन्डपट सांगा, तर १९८७ चा ‘द लिव्हिंग डेलाइट्स’ फार थोडे लोक सांगतील. मालिकेतला हा पंधरावा सिनेमा. टिमोथी डाल्टनचा बॉन्ड म्हणून पहिला. दिग्दर्शक जॉन ग्लेन, म्हणजे ज्यांनी त्याआधी उदयपूरला येऊन ‘ऑक्टोपसी’ केला तेच. मी हा सिनेमा पहिल्यांदा भाड्याच्या व्हिडिओ कॅसेटवर पाहिला होता. पंधरा-वीस जण एका खोलीत. त्यानंतर आत्ता, या व्याख्यानाच्या निमित्ताने, दोनदा पाहिला. आणि एका जागी, जिथे तेव्हा सगळी खोली हसली होती, तिथे मी रिमोट हातात घेऊन थांबलो. आज बोलायचंय ते मुख्यतः त्या जागेबद्दल. पण तिथपर्यंत जायला आधी गोष्ट सांगायला हवी.

गोष्टीचं बीज इयन फ्लेमिंगच्या १९६२ मधल्या एका लघुकथेत आहे. विभागलेलं बर्लिन. पलीकडून एक ब्रिटिश हेर पळून येणार आहे, त्याला मारायला रशियन नेमबाज बसणार आहे, आणि त्या नेमबाजाला मारायला बॉन्ड बसलाय. तीन संध्याकाळी तो खिडकीपाशी वाट बघतो. रोज समोरून वाद्यवृंदातल्या मुली जातात, त्यातली चेलो घेतलेली एक त्याच्या नजरेत भरते. नेमबाज तीच निघते. बॉन्ड ऐन क्षणी नेम हलवतो, तिला मारत नाही. बस, एवढीच कथा. यात ना पाठलाग, ना खलनायकाचा अड्डा.

सिनेमाने ही कथा ब्रातिस्लाव्हात नेली आणि जवळपास जशीच्या तशी सुरुवातीला घेतली. कॉस्कोव नावाचा रशियन जनरल संगीताच्या कार्यक्रमातून पळून पश्चिमेकडे येतोय, समोरच्या खिडकीत चेलोवादक कारा बंदूक घेऊन उभी. बॉन्ड तिच्या बंदुकीवर गोळी झाडतो. सोबतचा अधिकारी सॉन्डर्स चिडतो, वर तक्रार करीन म्हणतो. त्यावर डाल्टनचा बॉन्ड जे बोलतो त्याचा अर्थ असा, की कर तक्रार, साहेबांनी नोकरीवरून काढलं तर उपकारच होतील. हे वाक्य रॉजर मूरच्या तोंडी कल्पून बघा. नाही शोभणार. डाल्टनने फ्लेमिंगची पुस्तकं नीट वाचून ही भूमिका केली होती, आणि हा कामाला कंटाळलेला माणूस त्या पुस्तकांतला आहे.

सिनेमाचा पहिला भाग खरोखर चांगला आहे. कॉस्कोवचं पळून येणं हे नाटक होतं. काराच्या बंदुकीत खोटी काडतुसं होती. कॉस्कोवला इंग्रजांच्या हातून रशियन हेरखात्याचा प्रमुख पुश्किन याचा काटा काढायचाय. बॉन्ड तँजियरला जाऊन पुश्किनसमोर पिस्तूल धरतो, आणि त्या खोलीत दोघं एकमेकांना जोखतात तो प्रसंग पुन्हा पाहण्यासारखा आहे. व्हिएन्नाच्या जत्रेत सॉन्डर्स मारला जातो तो प्रसंगही. आधी नियमांवर बोट ठेवणारा हा माणूस तोवर आपल्याला आवडायला लागलेला असतो. बॉन्ड फुग्यामागे धावतो, पिस्तूल रोखतो, आणि समोर फुगे घेतलेलं लहान मूल! डाल्टनचा चेहरा बघा तिथे.

मग बॉन्डला बेशुद्ध करून विमानात घालतात, आणि तो उठतो तो अफगाणिस्तानात. पडद्यावर दिसतो तो प्रत्यक्षात मोरोक्को, वर्झाझातच्या आसपासचा. पण कथेत तो सोव्हिएत हवाई तळ आहे.

इथे तारखा लक्षात ठेवा. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या डिसेंबर १९७९ मध्ये. १९८६ च्या सप्टेंबरात मुजाहिदीनांच्या हाती अमेरिकेची स्टिंगर क्षेपणास्त्रं पहिल्यांदा चालली. फेब्रुवारी १९८९ मध्ये शेवटची सोव्हिएत तुकडी परत गेली. म्हणजे सिनेमा आला तेव्हा युद्ध चालू होतं आणि कसं संपेल ते लिहिणाऱ्याला ठाऊक नव्हतं.

तळावरच्या कोठडीत बॉन्डला एक कैदी भेटतो. वेडसर वाटणारा. बॉन्ड त्यालाही सोडवतो. पुढे कळतं, हा कामरान शाह, ऑक्सफर्डला शिकलेला, मुजाहिदीनांचा नेता. इंग्रजी आपल्या नायकाइतकंच सफाईदार. प्रेक्षकाने याच्यावर विश्वास ठेवावा म्हणून पटकथेने केलेली ही सोय आहे, आणि ती चालते. आपण ठेवतो विश्वास.

आता अफू. कॉस्कोवचा डाव असा: शस्त्रांसाठी दिलेला सोव्हिएत पैसा हिऱ्यांत घालायचा, हिरे देऊन अफगाण अफू घ्यायची, ती विकून नफा खिशात टाकायचा आणि शस्त्रंही पुरवायची. त्याचा भागीदार ब्रॅड व्हिटेकर, अमेरिकन शस्त्रदलाल. अफूच्या पोत्यांवर रेड क्रॉसचं चिन्ह. आणि ही अफू विकणारी टोळी अफगाणच आहे; कामरानच्या ओळखीची, त्याच्या मुलखात वावरणारी. त्याचं त्यांच्याशी भांडण नाही. बॉन्डला हे खटकतं, तो बोलतोही, पण दोन वाक्यांत विषय मिटतो आणि घोडे दौडू लागतात.

मला वाटतं, सिनेमातली सगळ्यात प्रामाणिक दोन मिनिटं हीच आहेत, आणि सिनेमा त्यांनाच सर्वांत लवकर झटकून टाकतो. कारण अफू हा अफगाण युद्धातला किरकोळ धागा नव्हता. पुढे देशात सरकारं बदलली, फौजा आल्या-गेल्या, पण शेतात अफू राहिली. तालिबानने २००० मध्ये बंदी घातली, लागवड एकदम खाली आली. २००१ नंतर ती पुन्हा इतकी वाढली, की जगातल्या बेकायदा अफूचा बहुतांश भाग याच एका देशातून येऊ लागला. २०२२ मध्ये तालिबानने पुन्हा बंदी घातली. १९८७ च्या करमणुकीच्या सिनेमात ती पोती दिसतात, यासाठी लेखकांना दाद द्यायला हवी. पोती दाखवली आणि पाठ फिरवली, ही तक्रारही करायला हवी.

आणखी एक गंमत पाहा. तँजियरमधला पुश्किन सभ्य आहे, समजूतदार आहे. गोर्बाचेव्हचा काळ, वारं बदललेलं. शेवटी जनरल गोगोल काराला ये-जा करायला व्हिसाही देतो. दुसरीकडे हवाई तळावरचे रशियन क्रूर. मग हे युद्ध चालवतंय कोण? पुश्किन त्याच सरकारच्या हेरखात्याचा प्रमुख ना? त्याला एक प्रश्नही कुणी विचारत नाही. सिनेमाला रशियाशी दोस्तीही हवी आहे आणि रशियन मारायलाही हवेत. सगळं पाप एकट्या कॉस्कोवच्या माथी मारलं की दोन्ही जमतं. म्हणूनच कॉस्कोव खलनायक म्हणून भुसभुशीत वाटतो. त्याच्या अंगावर त्याच्या मापापेक्षा मोठं ओझं आहे. व्हिटेकर तर खेळण्यातले सैनिक मांडून बसलेला विदूषकच. मात्र अमेरिकेचा गुप्त शस्त्रव्यवहार उघड करणारं इराण-काँट्रा प्रकरण चित्रीकरण चालू असतानाच, नोव्हेंबर १९८६ मध्ये, बाहेर आलं हे आठवलं की तो विदूषक तितकासा हास्यास्पद राहत नाही.

साहसदृश्यांबद्दल थोडक्यात. मालवाहू विमानाच्या मागच्या दारातून जाळं बाहेर लटकतंय आणि त्यावर दोघांची मारामारी, हे बी. जे. वर्थ आणि जेक लोम्बार्ड यांनी खरोखर आकाशात केलंय. आज संगणकावर असं कितीही करता येतं. तरी इथे पोटात जो खड्डा पडतो तो वेगळा.

आता ती जागा. शेवटी व्हिएन्नात काराचा कार्यक्रम. वाद्यवृंद चालवताना दिसतात ते संगीतकार जॉन बॅरी स्वतः. बॉन्डपटासाठी त्यांचं हे शेवटचं संगीत. कार्यक्रम संपतो, उंची कपड्यांतली मंडळी जमतात, आणि कामरान शाह साथीदारांसह उशिरा येतो, अंगावर काडतुसांचे पट्टे, हातात हत्यारं. उशीर का झाला? तर विमानतळावर जरा अडचण आली म्हणे. आमची खोली तिथे खो-खो हसली होती. सप्टेंबर २००१ नंतर त्या वाक्यावर तसं हसता येत नाही.

याचा दोष १९८७ च्या लेखकांना देऊ नये. कामरान हा काही ओसामा नव्हे, आणि मुजाहिदीन ही एकच एक फौजही नव्हती. त्यांतले कित्येक पुढे तालिबानशी लढले. पण हा आपला, तो परका, हे पडद्यावर किती झटपट ठरतं ते बघायचं असेल, तर कामरानची भूमिका करणाऱ्या आर्ट मलिककडे बघा. जन्म बहावलपूरचा, वाढला ब्रिटनमध्ये. १९८४ मध्ये ‘द ज्युएल इन द क्राउन’ मालिकेत त्याने हरी कुमार केला होता, इंग्रजी शाळेत शिकलेला आणि इंग्रजांनीच तुरुंगात टाकलेला हिंदुस्थानी तरुण. १९८७ मध्ये तो बॉन्डच्या शेजारी घोड्यावर. आणि १९९४ मध्ये ‘ट्रू लाइज’ आला, त्यात श्वार्झनेगरसमोर अणुबॉम्ब घेऊन उभा असलेला दहशतवाद्यांचा म्होरक्या, तोही आर्ट मलिकच. मधे फक्त सात वर्षं गेली होती.