वर्गाबाहेरच्या महाविद्यालयाचे शिक्षण

अमेरिकेतील महाविद्यालयांत वसतिगृहे, नवागतांची ओळखसत्रे, विद्यार्थी संघटना, शिस्तभंगाची प्रकरणे ही कामे ‘स्टुडंट अफेअर्स’ विभाग पाहतो. या क्षेत्रात येणारे बहुतेक जण साधारण दोन वर्षांची मास्टर्स पदवी घेतात. आधीची पदवी कोणत्याही विषयातली चालते. विद्यार्थ्याचा सर्वांगीण विकास ही महाविद्यालयाची जबाबदारी आहे, ही या क्षेत्राची भूमिका अमेरिकन कौन्सिल ऑन एज्युकेशनच्या १९३७च्या निवेदनात मांडलेली आहे.

अभ्यासक्रमात विद्यार्थी-विकासाचे सिद्धांत मध्यवर्ती असतात. आर्थर चिकरिंग यांनी १९६९मध्ये तरुणांच्या जडणघडणीच्या सात दिशा मांडल्या. भावनांचे नियमन, स्वत्वाची घडण या त्यांपैकी काही. त्यांवर पुढे टीका झाली, तरी त्या आजही शिकवल्या जातात. जोडीला समुपदेशनाची कौशल्ये, उच्च शिक्षणाचा इतिहास, मूल्यमापन आणि कायदा. लिंगभेदाला मनाई करणारा १९७२चा ‘टायटल नाइन’ आणि विद्यार्थ्यांच्या नोंदींची गोपनीयता जपणारा १९७४चा ‘फर्पा’ हे कायदे रोजच्या कामात लागतात.

खरी तयारी मात्र असिस्टंटशिपमध्ये होते. आठवड्याला सुमारे २० तास विद्यापीठाच्याच एखाद्या कार्यालयात काम करायचे. मोबदल्यात विद्यावेतन आणि अनेक ठिकाणी शुल्कमाफी मिळते. वसतिगृहाची जबाबदारी असेल तर राहायलाही तिथेच, आणि मध्यरात्रीचा फोनही उचलावा लागतो. पदवीनंतरची पहिली नोकरी बहुधा वसतिगृह व्यवस्थापनात किंवा शैक्षणिक सल्लागार म्हणून मिळते. वरिष्ठ पदांसाठी अनेकदा डॉक्टरेट अपेक्षित असते.