टांगलेल्या नळीचे कुलूप

तीन हजार मीटर खोल विहिरीत लोखंडी नळी सोडायची म्हटले, की आपल्याला पहिली धास्ती वाटते ती नळी खाली पडण्याची. तेलक्षेत्रात उमेदवारी केलेल्या माणसाला जास्त धास्ती असते ती नळी वर येण्याची.

१० जानेवारी १९०१ रोजी टेक्सासमधल्या ब्युमाँट गावाजवळ, स्पिंडलटॉप नावाच्या बुटक्या टेकडीवर, ही धास्ती साऱ्या जगाने पाहिली. कॅप्टन अँथनी लुकास यांच्या विहिरीवर हॅमिल बंधूंची टोळी हजार फुटांच्या आसपास खोदत होती. आधी विहिरीच्या तोंडातून चिखल उकळल्यासारखा वर आला. मग काही टन वजनाचे ड्रिल पाइप डेरिकच्या, म्हणजे खोदाईच्या मनोऱ्याच्या, माथ्यातून बाहेर फेकले गेले आणि त्यामागून तेलाचे कारंजे उडाले. दिवसाला सुमारे एक लाख बॅरल, असे नऊ दिवस चालले. त्या काळी असे कारंजे म्हणजे नशीब उघडल्याची खूण मानली जाई. आज त्यालाच ब्लोआउट म्हणतात आणि त्याची चौकशी बसते.

या दोन दृष्टींमधले अंतर ज्या यंत्रांनी भरून काढले त्यांत ब्लोआउट प्रिव्हेंटर, म्हणजे बीओपी, सर्वांना ऐकून माहीत असतो. जेम्स ॲबरक्रॉम्बी आणि हॅरी कॅमेरॉन यांनी १९२२ च्या सुमारास तो टेक्सासमध्ये घडवला. पण बीओपी विहिरीवर कायमचा राहत नाही. खोदाई किंवा दुरुस्ती संपली की तो उतरवतात आणि त्याच्या जागी झडपांचा उभा संच बसतो. त्याला जगभर ख्रिसमस ट्री म्हणतात. या संचाच्या पोटाखाली, कुणाच्या नजरेस न पडणाऱ्या जागी, तेल वर आणणारी नळी एका लोखंडी गोळ्यावर टांगलेली असते. तो गोळा म्हणजे ट्यूबिंग हँगर. विहीर वीस-पंचवीस वर्षे शांत राहणार की नाही, याचा बराचसा निकाल त्या गोळ्याच्या कुलपावर लागतो.

वजन खाली, जोर वर

हे कुलूप लागतेच कशाला, हे हिशेबाने चटकन कळते. तेल वर आणायला सर्रास वापरली जाणारी एक नळी पावणेतीन इंचांहून किंचित जाड असते. तिचे वजन फुटाला साडेसहा पौंड. तीसेक फुटांचे सव्वातीनशे तुकडे एकमेकांत आटे घालून जोडले, की तीन हजार मीटरची माळ होते आणि तिचे वजन भरते सुमारे एकोणतीस टन. विहीर खाऱ्या पाण्याने भरलेली असेल, तर नळी थोडी हलकी होते आणि हँगरवर पंचवीसेक टन उरतात. एवढा भार असताना नळी जागची हलेल कशी, असे कुणालाही वाटेल.

आता वरचा जोर मोजू. ज्या पोकळीत हँगर बसतो तिचा व्यास एका प्रचलित मापात सात इंचांहून जरासा जास्त, म्हणजे क्षेत्रफळ एकोणचाळीस चौरस इंच. समजा, नळीचे तोंड वरून बुच मारून बंद केले आहे आणि हँगरखाली सगळीकडे ३,००० पीएसआय, म्हणजे चौरस इंचाला ३,००० पौंड, दाब आहे. तेलक्षेत्रात हा दाब काही अचाट मानत नाहीत. विहीरमुखाच्या साहित्यासाठीचे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटचे (एपीआय) मानक २,००० पासून २०,००० पीएसआयपर्यंत जाते. एकोणचाळीसला तीन हजारांनी गुणले, की उत्तर येते एक लाख सतरा हजार पौंड, म्हणजे त्रेपन्न टन. खाली ओढणारे पंचवीस, वर ढकलणारे त्रेपन्न. एरवी दाबाला वाट मोकळी असते म्हणून ही वेळ येत नाही. पण जेव्हा येते, तेव्हा वजनाच्या भरवशावर राहता येत नाही.

दाबाच्या जोडीला उष्णता असते. विहीर बंद असताना नळी गार असते. उत्पादन सुरू झाले, की खालचे गरम तेल तिच्यातून वाहू लागते. तीन हजार मीटर पोलादाचे सरासरी तापमान चाळीस अंशांनी वाढले, तर त्याची लांबी जवळजवळ दीड मीटरने वाढू पाहते. खालचे टोक पॅकरने विहिरीच्या भिंतीला जखडलेले असेल, तर ही वाढ वाकून तरी जिरते, नाहीतर हँगरला वर रेटते.

पाचर, खांदा आणि स्क्रू

नळी धरण्याच्या पद्धती मोजक्याच. सर्वांत जुनी पाचरेची. निमुळत्या कोनाड्यात दातेरी पाचरांचे कडे बसवायचे आणि त्यातून नळी सोडायची. तेलक्षेत्रात या पाचरांना स्लिप्स म्हणतात. नळी जितकी जड, तितक्या पाचरी आत सरकतात आणि तितके दात घट्ट रुततात. युक्ती साधी आणि भरवशाची, पण एकाच दिशेची. नळी वर उचलली गेली, की पाचर सैल होते.

दुसरी पद्धत खांद्याची. हँगरचा खालचा भाग तिरका घासलेला असतो आणि तो ज्यात बसतो त्या विहीरमुखाच्या भागाच्या, म्हणजे ट्यूबिंग हेडच्या, पोकळीत तसाच तिरका खांदा असतो. दोन्ही उतार एकमेकांवर बसले, की भार पेलला जातो. वर जाण्याची वाट अडवायची ती टाय-डाउन स्क्रूंनी. ट्यूबिंग हेडच्या वरच्या फ्लँजमध्ये सभोवार, सारख्या अंतरावर, आडवी भोके असतात आणि प्रत्येकात निमुळत्या टोकाचा जाड स्क्रू असतो. स्क्रू आत घेतले, की त्यांची टोके हँगरच्या वरच्या उतारावर दाबली जातात. हँगर खाली रेटला जातो आणि काही रचनांमध्ये त्याभोवतीचे रबरी सीलही याच दाबाने फुगून पोकळी बंद करते. एकच स्क्रू कुलूपही लावतो आणि गळतीही थांबवतो.

काम चाललेले जवळून पाहिले, तर सगळे लक्ष फूटपट्टीवर असते. नळी उतरवण्याआधी प्रत्येक स्क्रू पूर्ण मागे घेतात; एकाचेही टोक पोकळीत डोकावत राहिले, तर खाली जाणाऱ्या हँगरचे रबर त्यावर सोलले जाते आणि वरून काही दिसत नाही. स्क्रूचा किती भाग फ्लँजबाहेर राहिला, हे मोजून लिहून ठेवतात. हँगर खांद्यावर टेकला, की रिगवरच्या वजनकाट्याची सुई उतरते. मग समोरासमोरच्या जोड्या धरून, थोडे थोडे, तीन-चार फेऱ्यांत स्क्रू आवळायचे. एका बाजूने आवळत गेले तर हँगर कलतो. शेवटी पुन्हा फूटपट्टी. सगळे स्क्रू सारखे आत गेले असतील, तर बाहेर उरलेली लांबीही सारखी भरते. एखादा पाव इंच जास्त बाहेर राहिला, तर हँगर नीट बसलेला नाही किंवा त्या स्क्रूचे टोक भलत्याच ठिकाणी अडले आहे, असे समजायचे. प्रत्येक स्क्रूभोवती गळती रोखणारे पॅकिंग असते आणि त्यावर ग्लँड नट. आत दाब असताना घाईने भलताच नट फिरवला, तर स्क्रू माणसाच्या अंगावर सुटू शकतो. म्हणून कोणत्या बनावटीत आधी काय सैल करायचे, हे पान्हा हातात घेण्यापूर्वी ठाऊक असावे लागते.

खोल समुद्रात, जिथे विहीरमुखच तळावर असते, तिथे पान्हा चालवायला माणूस जाऊ शकत नाही. तिथे हँगरच्या अंगावर फट असलेले कडे असते. हायड्रॉलिक दाबाने ते फाकते आणि पोकळीतल्या खाचेत जाऊन बसते. कडे खाचेत बसले की नाही, हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून ठरवून दिलेल्या जोराने नळी वर ओढतात. याला ओव्हरपुल म्हणतात. गावाला निघताना कुलूप लावून झाल्यावर ते दोनदा ओढून पाहणारी माणसे आपल्या घरोघरी असतात. त्यांना ही चाचणी वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

ब्राव्हो, २२ एप्रिल १९७७

ओढून न पाहिलेल्या कुलपाचे काय होते, हे नॉर्वेने पाहिले. उत्तर समुद्रातल्या एकोफिस्क क्षेत्रात फिलिप्स पेट्रोलियमच्या ब्राव्हो प्लॅटफॉर्मवर बी-१४ ही विहीर दुरुस्तीला घेतली होती. सुमारे दहा हजार फूट नळी बाहेर काढायची होती. त्यासाठी ख्रिसमस ट्री उतरवली गेली. बीओपी अजून चढायचा होता. मधल्या वेळेची राखण नळीत बसवलेल्या एका सेफ्टी व्हॉल्व्हकडे होती.

असा व्हॉल्व्ह नळीतल्या खास खोबणीत बसतो. त्याच्या कुलपाची बोटे बाहेर येऊन खोबणीच्या खाचांत अडकली, तरच तो दाब अडवू शकतो. बी-१४ मध्ये तो नीट जखडला गेला नव्हता. रात्री साडेनऊच्या सुमारास विहीर उसळली आणि व्हॉल्व्ह जागेवरून निसटला. प्लॅटफॉर्मवरची ११२ माणसे सुखरूप बाहेर पडली, आग लागली नाही, एवढेच नशीब. तेल आठवडाभर वाहत राहिले. अंदाज दोन लाख बॅरलच्या आसपास जातो. रेड ॲडेअर यांच्या अमेरिकी पथकाने ३० एप्रिलला विहीर बंद केली. चौकशीत यंत्राच्या बिघाडामागे माणसांच्या चुका निघाल्या: बसवणीच्या कागदपत्रांत गफलत, साहित्य ओळखण्यात घोळ, कामाची कच्ची आखणी. पोलादाने दगा दिला नव्हता. ते लावले कसे, याची खात्री कुणी केली नव्हती.

कुलूप शेवटी लावायचे ठरले म्हणून

मेक्सिकोच्या आखातातल्या मकोंडो विहिरीची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. २० एप्रिल २०१० च्या रात्री डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट झाला, अकरा माणसे गेली आणि तेल थांबायला ८७ दिवस लागले. सिमेंट, बीओपी आणि चुकीची वाचलेली दाबचाचणी यांवर ढीगभर लिहिले गेले. लॉकडाउन स्लीव्ह नावाच्या तुकड्याकडे मात्र वाचकांचे लक्ष क्वचितच गेले.

समुद्रतळावरच्या विहीरमुखात केसिंगचा, म्हणजे विहिरीला आतून अस्तर देणाऱ्या नळीचा, हँगर बसला, की उत्पादनकाळातल्या दाबाने आणि उष्णतेने तो उचलला जाऊ नये म्हणून वरून हे कुलूप घालतात. विहीर चालवणाऱ्या बीपी कंपनीने ते अगदी शेवटी घालायचे ठरवले. ते बसवायला सुमारे एक लाख पौंड, म्हणजे पंचेचाळीस टनांचा भार हवा होता आणि तो भार मिळवायचा होता कुलपाखाली ड्रिल पाइप टांगून. त्या पाइपांना जागा हवी म्हणून विहीर तात्पुरती बंद करणारा सिमेंटचा प्लग समुद्रतळाखाली सुमारे तीन हजार फुटांवर ढकलला गेला. प्लग इतका खोल आणि तोही समुद्राच्या पाण्यात घालायचा, म्हणून त्याआधीच विहिरीतला दाब रोखून धरणारा जड मड (खोदाईचा चिखल) काढून हलके खारे पाणी भरायला सुरुवात झाली. खालचे सिमेंट टिकलेले नव्हते. मडचा भार कमी होताच विहीर जागी झाली.

पुढे तपासणीत दिसले, की हँगरभोवतीचे सील शाबूत होते. तेल केसिंगच्या आतून वर आले होते. म्हणजे न लावलेल्या कुलपातून विहीर फुटली नाही. ते केव्हा लावायचे, या वेळापत्रकाने बाकीच्या कामांचा क्रम फिरवला आणि विहीर उघडी पडली. अमेरिकी राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या आयोगाने या क्रमावर नेमके बोट ठेवले.

बाघजान

आपल्याकडचा अलीकडचा दाखला आसामचा. तिनसुकिया जिल्ह्यात, दिब्रू-सैखोवा राष्ट्रीय उद्यानाच्या शेजारी, ऑइल इंडियाची बाघजान-५ ही वायूविहीर २७ मे २०२० रोजी फुटली. इथेही दुरुस्तीच चालली होती. खालचा थर सिमेंटने बंद करून वरच्या थरातून वायू घ्यायचा होता. बीओपी उतरवला गेला आणि दुसरा अडसर पुरता तपासलेला नव्हता. राष्ट्रीय हरित लवादाने निवृत्त न्यायमूर्ती बी. पी. काटके यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने नेमका हाच ठपका ठेवला: खात्रीचा, चाचणी झालेला दुसरा अडथळा हाताशी नसताना बीओपी काढला. ९ जूनला आग लागली. ऑइल इंडियाच्या अग्निशमन दलाचे दोन जवान मृत्युमुखी पडले, हजारो गावकरी छावण्यांत गेले. विहीर पूर्ण शांत झाली ती १५ नोव्हेंबरला.

ब्राव्होवर ट्री उतरली होती, बीओपी चढायचा होता. बाघजानमध्ये बीओपी उतरला होता, ट्री चढायची होती. दोन्हीकडे विहीर फुटली ती पहारा बदलण्याच्या त्या काही तासांत. ट्यूबिंग हेडचे स्क्रू, पाचरी, कडी यांची ताकद कारखान्यात चाचणी होऊन येते. ती सहसा कमी पडत नाही. कमी पडते ती एक अडसर काढताना दुसरा खरोखर लागला आहे याची खात्री. म्हणूनच कोणत्याही क्षणी विहीर आणि जग यांच्यामध्ये दोन स्वतंत्र, तपासलेले अडसर असावेत, हा नियम उद्योगाने स्वीकारला.

मुंबईपासून एकशे साठ किलोमीटर

हा सारा मामला आपल्याला परका नाही. १९७४ च्या फेब्रुवारीत सागर सम्राट या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे एकशे साठ किलोमीटरवर तेल शोधले आणि २१ मे १९७६ रोजी मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. तिथले तेल आणि वायू नळांतून उरणला येतात. जुलै १९८२ मध्ये सागर विकास या रिगवर ब्लोआउटही झाला. पाणी जेमतेम पाऊणशे मीटर खोल असल्यामुळे तिथल्या विहिरींची तोंडे प्लॅटफॉर्मच्या डेकवर असतात. स्क्रू मोजायला माणूस फूटपट्टी घेऊन जाऊ शकतो.

पण क्षेत्र आता पन्नाशीचे झाले आहे. म्हाताऱ्या विहिरींत नळ्या गंजतात, पाणी वाढते, थर बदलावे लागतात आणि अनेक वर्कओव्हरमध्ये, म्हणजे दुरुस्त्यांमध्ये, जुनी नळी काढून नवी टांगावी लागते. जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने इथले उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सेवा देणारी कंपनी म्हणून बीपीची निवड केली. तीच बीपी, जिने मकोंडोचे धडे सर्वांत महागात घेतले. उत्पादन वाढवायचे तर जुन्या विहिरी पुन्हा पुन्हा उघडाव्या लागणार आणि जितक्या वेळा विहीर उघडेल, तितक्या वेळा पहारा बदलेल. मुंबई हायच्या बातम्यांत आपण बॅरलचे आकडे वाचतो. त्यांच्या शेजारी आणखी एक आकडा मागायला हवा: यंदा किती विहिरींवर ट्री उतरली आणि त्यांपैकी किती ठिकाणी दुसरा अडसर आधी ओढून, दाब देऊन, लिहून तपासला होता. कंपन्यांच्या नोंदवह्यांत हा आकडा असायला हवा. तो विचारणारा वाचक मात्र अजून तयार व्हायचा आहे.