दाताच्या खड्ड्यातली आवणी

जुलैत जव्हार-मोखाड्याच्या खाचरांत आवणी चालते. राबातून उपटलेलं भाताचं रोप चिखलात खोचलं की काही दिवस पिवळं पडतं, मान टाकतं. जुनी मुळं तुटलेली, नवी फुटायची असतात; चिखलानं नुसतं धरून ठेवलेलं असतं. मग एका सकाळी शेंडा हिरवा दिसतो. रोपानं जीव धरला!

दात काढून लगेच त्याच जागी टायटॅनियमचा इम्प्लांट बसवला, तर जबड्यात थेट हेच घडतं.

दाताचा खड्डा वेडावाकडा, इम्प्लांटचा स्क्रू गोल. म्हणून डॉक्टर तो तळापलीकडच्या शाबूत हाडात तीन-चार मिलिमीटर पिळतात. पहिली पकड मुख्यतः तेवढीच. वर स्क्रू आणि भिंत यांच्यामध्ये फट उरते, कधी दोन मिलिमीटरची. तिच्यात रक्त भरतं, गोठतं. त्या गुठळीच्या तंतूंवरून पेशी सरकत धातूपर्यंत जातात, रक्तवाहिन्या फुटतात आणि काही आठवड्यांत घाईनं विणलेलं, विस्कटलेलं हाड उभं राहतं. त्याचे नीट थर बसायला महिने लागतात.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमारास मात्र पकड सर्वांत सैल होते. स्क्रूनं दाबलेलं जुनं हाड शरीर काढून टाकत असतं, नवं पुरतं आलेलं नसतं. हे रोप पिवळं पडायचे दिवस. तेव्हा त्या बाजूनं कडक भाकरी चावायची नाही, आणि विडी तर नकोच. धुरानं रक्तपुरवठा आखडतो.

हाड टायटॅनियमला इतकं बिलगतं, हे स्वीडनच्या पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांना १९५२ मध्ये उमगलं. सशाच्या पायात बसवलेली टायटॅनियमची कुपी हाडातून सुटेचना!

पण खड्ड्याची ओठाकडची पातळ भिंत? तिचा आतला थर दाताला हाडाशी बांधणाऱ्या धाग्यांसाठीच घडलेला. दात गेला की तो विरतो. लगेच इम्प्लांट घातला तर भिंत वाचेल, अशी आशा होती. मॉरिसिओ आराउजो, यान लिंडे आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये कुत्र्यांच्या जबड्यात पाहिलं, तर इम्प्लांट असूनही ती खचली होती. म्हणून पुढच्या दातांत स्क्रू थोडा टाळूकडे सरकवतात, फटीत बऱ्याचदा हाडाची भुकटी भरतात आणि वाट पाहतात.

बहुतेक वेळा कॅप बसते ती तीन-चार महिन्यांनी. आवणीचं भात कापणीला यायलाही तेवढेच दिवस लागतात.